उन्हातला सदरा कोणाच्या खर्चाने?

मार्च महिना सरत आला की सरकारी पत्रके निघू लागतात. दुपारी बारा ते तीन या वेळात उन्हात जाणे टाळावे. सैल, हलक्या रंगाचे, सुती कपडे वापरावेत. डोक्यावर टोपी, उपरणे किंवा छत्री घ्यावी. तहान नसली तरी पाणी प्यावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणापासून ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत हाच मजकूर फिरतो. त्यात शास्त्रीय चूक काढता येणार नाही. पण सल्ला बरोबर असणे वेगळे आणि तो ज्याला दिला त्याला पाळता येणे वेगळे. हे पत्रक कोणाला उद्देशून आहे, असा साधा प्रश्न विचारला की त्यातील शहाणपणाचा रंग उडू लागतो.

मे महिन्यातल्या नागपूरचा दुपारी साडेबाराचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. कचेऱ्यांतील मंडळींची जेवणाची वेळ झालेली असते. जेवण मागविणारा वातानुकूलित खोलीत बसलेला असतो आणि ते घेऊन येणारा सायकल मारीत असतो. पत्रक ज्या तीन तासांत घराबाहेर पडू नका म्हणते, नेमक्या त्याच तीन तासांत त्याची खरी कमाई होते. पत्रक सुती कापड सांगते. त्याच्या अंगात कंपनीच्या नावाचा, अर्ध्या बाह्यांचा, अंगाला चिकटणारा पॉलिएस्टरचा सदरा असतो. पत्रक हलका रंग सांगते. सदरा लांबून ओळखू यावा म्हणून भडक असतो. पत्रकातील एकच गोष्ट त्याने पाळलेली असते. डोक्याला आणि कानांना त्याने पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला असतो. तो त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे, आणि तो बांधावयाचा कसा हे त्याला त्याच्या आईने किंवा आजाने शिकविलेले आहे.

उन्हात सायकल चालविणारा म्हणजे केवळ हा नव्या जमान्याचा पोऱ्या नव्हे. किटल्या लटकावलेला दूधवाला, पाववाला, कुल्फीवाला, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, बारा तासांची पाळी करून परतणारा पहारेकरी, टपाल वाटणारा पोस्टमन, यंत्रमागावरचा कामगार हे सर्व त्यात येतात. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांची गणना झाली. त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक माणसे सायकलने कामावर जात होती, म्हणजे साधारण आठांत एक. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण एप्रिलातील सकाळची शाळा सुटून चार-पाच किलोमीटर घरी परतणाऱ्या त्या मुलीच्या अंगात काय असावे, याचा विचार कोणत्याही शासकीय टिपणीत सापडत नाही. चाक दिले, चाकावर बसणारीचे अंग विसरले.

वर्तमानपत्रात छापला जाणारा उष्णतेचा आकडा हा सावलीचा आकडा असतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. चंद्रपूर किंवा अकोला येथे पारा ४५ अंशांवर गेला याचा अर्थ त्या पेटीत ४५ अंश होते. सायकलवाला पेटीत बसून प्रवास करीत नाही. त्याच्या डोक्यावर थेट ऊन आणि चाकाखाली डांबर असते. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत सहज तापतो आणि ती उष्णता खालून वर फेकतो.

शिवाय सायकल मारणे हे स्वतःच उष्णता निर्माण करणारे काम आहे. स्नायूंत जी शक्ती खर्च होते तिच्यापैकी जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाक फिरविण्यास लागतो. उरलेली सर्व उष्णता होऊन शरीरातच राहते. ती बाहेर घालविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे घाम, आणि तोही निथळणारा नव्हे, सुकणारा घाम. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओझे घेऊन बेताच्या वेगाने सायकल मारणाऱ्याला केवळ स्वतःच्या अंगातील उष्णता घालविण्यासाठी ताशी अर्धा लिटरहून अधिक घाम सुकवावा लागतो. उन्हाची आणि डांबराची भर वेगळीच. सायकलवर वारा लागतो, त्यामुळे बरे वाटत असेल, असे मोटारीतून पाहणाऱ्याला वाटते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा उष्णता काढून नेतो. हवा ४४-४५ अंशांवर गेली की तोच वारा घाम सुकवीत असला तरी बाहेरची उष्णता अंगावर आणून ओततो. विदर्भातील माणूस अंग उघडे टाकून उन्हात जात नाही, उलट अंग झाकतो, कान बांधतो, हे अडाणीपण नव्हे. ते उष्णतेचे शास्त्रच आहे, प्रयोगशाळेत न गेलेल्यांनी शोधलेले.

१९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात वाळवंटातील बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला होता. भर उन्हात काळा झगा का, हा त्याचा विषय. मोजमाप केल्यावर असे आढळले की काळे कापड पांढऱ्यापेक्षा अधिक उष्णता शोषते खरे, परंतु झगा सैल असल्यामुळे ती अंगापर्यंत पोहोचत नाही; काळ्या आणि पांढऱ्या झग्यांतील माणसांच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरते. तात्पर्य, रंगापेक्षाही सैलपणा महत्त्वाचा. अंगाला चिकटलेल्या सदऱ्यात तोच नेमका नसतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या सायकलस्वाराकडे वळावे. पुण्या-मुंबईत रविवारी पहाटे लाखभर रुपयांच्या सायकलींवरून निघणारा एक वर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत तयार झाला आहे. त्याच्या व्यायामाविषयी कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. मोटारीतून उतरून माणूस सायकलवर बसला तर ते स्वागतार्हच आहे. परंतु त्याच्यासाठी बाजाराने जे कपडे आणले आहेत ते पाहण्यासारखे आहेत. लांब बाह्यांचे सदरे, नुसत्या वेगळ्या बाह्या, मानेवरून नाकापर्यंत चढणारे नळीसारखे कापड, आणि प्रत्येकावर ‘यूपीएफ ५०’ अशी चिठ्ठी. या चिठ्ठीचा अर्थ इतकाच की सूर्याच्या अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा कापडातून आत येतो. हे मोजमाप ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ साली प्रमाणित केले. त्या देशांतील गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे, म्हणून त्यांना ते आवश्यक होते. येथे एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो, आणि त्याचा त्रास डोळ्यांना व कातडीला होतोच; पण सावळ्या कातडीला त्या कर्करोगाचे भय पुष्कळच कमी. मग येथे ही चिठ्ठी कशावर खपते? बव्हंशी काळे पडण्याच्या भीतीवर. एकाला उन्हाने रापू नये म्हणून कापड हवे आहे, दुसऱ्याला उन्हाने मरू नये म्हणून. बाजाराने पहिल्याचे गाऱ्हाणे ऐकले, कारण त्याच्या खिशात पैसे होते. दुसऱ्याची गरज मोठी, पण अर्थशास्त्राच्या भाषेत तिला ‘मागणी’ म्हणत नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सुती म्हणजे चांगले आणि पॉलिएस्टर म्हणजे वाईट, इतका हा हिशेब सरळ नाही. अतिनील किरण अडविण्याच्या बाबतीत पॉलिएस्टर पातळ पांढऱ्या सुती कापडाहून सरस ठरते. धुवट पांढऱ्या, विरळ विणीच्या सुती गंजीफ्रॉकची रोधशक्ती पाच ते आठच्या घरात असते आणि तो घामाने भिजला की आणखी घटते. खेळाडूंचे महाग पॉलिएस्टर घाम पसरवून सुकविण्यासाठी खास विणलेले असते. मात्र कंपन्या वाटतात ते कापड हे नव्हे. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम ना कापडात मुरत, ना त्यातून नीट बाहेर पडत.

मग उन्हातल्या सायकलवाल्याला हवे ते कापड कोणते? दाट विणीचे, पण फार जाड नसलेले, अंगापासून सुटे राहणारे, पूर्ण बाह्यांचे, उंच गळपट्टीचे, फिक्या रंगाचे. अशा कापडासाठी परदेशी चिठ्ठीची गरज नाही. कोऱ्या, म्हणजे ब्लीच न केलेल्या कापसात मूळचीच काही द्रव्ये असतात, ती अतिनील किरण शोषून घेतात. ब्लीच केले की ती निघून जातात. म्हणजे गिरणगावातील आणि खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्याने पिढ्यान्पिढ्या वापरलेला तो पिवळट, खरखरीत मांजरपाट या कामी पांढऱ्याशुभ्र पॉपलीनहून गुणाने वरचढ आहे. पांढरपेशांनी त्याला हिणविले, एवढाच त्याचा दोष.

असे कापड गरिबाला परवडले पाहिजे हा विचार या देशाच्या धोरणात एके काळी होता, याची आज कोणी आठवणही काढीत नाही. साठच्या दशकापासून ‘नियंत्रित कापडा’ची योजना होती. धोतर, लुगडे, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल असे पाच प्रकार गिरण्यांनी ठरावीक भावाने पुरवावेत, असे बंधन होते. पुढे हातमागावरील ‘जनता कापड’ आले. या योजनांत भ्रष्टाचार होता, कापडाचा दर्जा अनेकदा भिकार होता, गिरणीमालकांनी त्यातून पळवाटा काढल्या आणि अखेर तो बोजा सरकारी गिरण्यांच्या गळ्यात टाकला, हे सर्व खरे. तरीही अंगावरचे वस्त्र ही धान्याइतकीच सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यामागे होते. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला आणि चिरडला गेला; १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण आले, आणि कृत्रिम धाग्याला मोकळे रान मिळाले. कृत्रिम कापड स्वस्त झाले याचा गरिबाला लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. ते टिकते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. पण निवडीचे स्वातंत्र्य म्हणून जे सांगितले गेले त्याचा शेवट असा झाला की यवतमाळचा शेतकरी कापूस पिकवितो, आणि त्याचा नागपुरात गेलेला मुलगा ४५ अंशांत पेट्रोलियमपासून केलेला सदरा घालून सायकल मारतो.

आता खर्चाचा हिशेब. कंपनीने गणवेशावर केलेला खर्च हा धंद्याचा खर्च असतो; करपात्र नफ्यातून तो वजा होतो. त्याच गणवेशाचे पैसे अनेक ठिकाणी कामावर घेतानाच पोऱ्याच्या कमाईतून कापून घेतले जातात. शिवाय दुपट्टा, टोपी, सिग्नलवर विकत मिळणाऱ्या बाह्या, मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली यांवर तो जे खर्च करतो तो त्याचा खासगी खर्च समजला जातो. वस्तुतः हा सर्व उत्पादनाचाच खर्च आहे. ते कापड नसेल तर ते जेवण त्या वेळात पोहोचणार नाही. चाक, साखळी आणि ब्रेक जितके कामाचे हत्यार, तितकाच उन्हातला सदरा हे कामाचे हत्यार. सरकारी नोकरांच्या बाबतीत हे तत्त्व केव्हाच मान्य झालेले आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या गणवेशधारी कर्मचाऱ्यांना २०१७ पासून पोशाख भत्ता मिळतो, पोस्टमनलाही मिळतो. एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात, सायकलवरून एकाच दारी दोन माणसे येतात. एकाच्या सदऱ्याचा खर्च त्याला काम देणारा उचलतो, दुसऱ्याचा तो स्वतः. फरक उन्हाचा नाही, नोकरीच्या व्याख्येचा आहे. दुसऱ्याला ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात ज्याला वाटा नाही आणि उन्हात मात्र सगळा वाटा आहे, असा भागीदार कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळावयाचा नाही.

इतरत्र काय चालते ते पाहावे. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ पासून उष्णतेची नियमावली लागू केली. हवेतील ओलावा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक २८ अंशांच्या वर गेला की शर्यतीची वेळ बदलणे, काही टप्पा रद्द करणे किंवा शर्यतच थांबविणे यांचा विचार व्हावा, अशी ती तरतूद आहे. त्याआधी २०१६ पासून टोकाच्या हवामानासाठीचे नियम आहेतच. व्यावसायिक सायकलपटूंची संघटना आहे, ती बोलते, म्हणून हे घडले. २८ चा तो निर्देशांक महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कित्येक महिने भर दुपारी ओलांडला जातो. बक्षिसासाठी सायकल मारणाऱ्याला जे संरक्षण, ते पोटासाठी मारणाऱ्याला का नसावे?

जुलै २०२२ मध्ये माद्रिद शहरात रस्ता झाडणारा एक कंत्राटी कामगार उष्माघाताने मरण पावला. त्याच्या अंगातील पॉलिएस्टरच्या गणवेशावरून तेथे मोठे वादळ उठले. पुढच्याच वर्षी स्पेनच्या सरकारने उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवसांत उघड्यावरील कामावर निर्बंध घालणारा हुकूम काढला. इटलीतील मासला याहून बोलका आहे. जुलै २०२५ मध्ये तेथील एका घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपनीने जाहीर केले की ३२ अंशांच्या वर दोन टक्के, ३६ च्या वर चार टक्के आणि ४० च्या वर आठ टक्के जादा मोबदला मिळेल. म्हणजे जितका जीव धोक्यात, तितके पैसे जास्त. कामगार संघटनांनी हे जोखमीचे दरपत्रक हाणून पाडले; योजना मागे घ्यावी लागली. उत्तरेकडील पिएमोन्ते प्रांताने तर तळपत्या दुपारी उघड्यावर काम करण्याची बंदी सायकलवरून अन्न पोहोचविणाऱ्यांनाही लागू केली.

येथे चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत या ‘भागीदारा’ला प्रथमच नाव मिळाले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्याच्या कल्याणासाठी द्यावी असे ठरले. कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या संहितेत मात्र त्याला तसे स्थान नाही. आजारी पडल्यावरची सोय एका पुस्तकात, आणि आजारी पडू नये याची काळजी दुसऱ्या पुस्तकात, त्याच्या आवाक्याबाहेर. १९४८ च्या कारखाना कायद्याने निदान कामाच्या दालनातील उष्णतेची जबाबदारी मालकावर टाकली होती. ज्याचे दालन म्हणजेच रस्ता, त्याच्या डोक्यावरचे छप्पर त्याच्या सदऱ्याएवढेच.

चळवळीतील काही जाणत्या मंडळींना हा प्रश्न किरकोळ वाटतो. मजुरीचा दर, नोकरीची शाश्वती, अपघाताची भरपाई हे खरे प्रश्न. सदरा-टोपीचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा सूर असतो. त्यांनी १८८४ साल आठवावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून जे निवेदन तयार केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची मागणी होती. तीही तेव्हा किरकोळच वाटली असणार. मोठ्या मागण्या कष्टकऱ्याला पटतात त्या त्याच्या अंगाला भिडणाऱ्या लहान मागण्यांतून. आणि शरमेची गोष्ट अशी की लोखंड्यांनी मागितलेला तो दुपारचा अर्धा तास सायकलवरच्या या कामगाराला एकशेचाळीस वर्षांनंतरही मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. कंपनीवर खर्च टाकला तर ती तो ग्राहकावर ढकलील, जेवण महाग होईल. होऊ द्यावे. वर्षाला दोन चांगले सुती सदरे, एक टोपी आणि दोन दुपट्टे यांचा खर्च वर्षभराच्या हजारो फेऱ्यांवर वाटला तर दर फेरीमागे पैशांत मोजावा लागेल, रुपयांत नव्हे. तेवढेही देणे ज्याला जड वाटते त्याने उन्हात स्वतः उतरून जेवण आणावे.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. उन्हात काम करणाऱ्याचा गणवेश कोणत्या कापडाचा, कोणत्या विणीचा, किती सैल असावा याचे मानक राज्य सरकारने ठरवावे. तो गणवेश वर्षातून दोनदा विनामूल्य द्यावा आणि कमाईतून एक पैही कापू नये. उष्णतेच्या लाटेच्या दिवशी वेळेत न पोहोचल्याबद्दल दंड किंवा कमी गुण देण्यास बंदी असावी आणि दुपारी विसाव्याची सावली असावी, कारण कोणतेही कापड माणसाला अमर करीत नाही. सायकलवाल्या मुलींच्या शालेय गणवेशासही हेच मानक लागू व्हावे. इचलकरंजीचे माग आणि सोलापूरचे शिवणकाम हाताशी असताना कापड कोठून आणावयाचे हा प्रश्नच येत नाही.

आणि हे सर्व मागताना कार्यकर्त्यांनी स्वतःच्या अंगाकडेही एकदा पाहावे. पुरोगामी पक्ष-संघटनांच्या सायकल फेऱ्या उन्हाळ्यातही निघतात. त्या फेऱ्यांत घोषणा छापलेले जे सदरे वाटले जातात ते घाऊक बाजारातील सर्वांत स्वस्त पॉलिएस्टरचे असतात, आणि दहाव्या किलोमीटरला ते अंगाला असे चिकटतात की छातीवरची घोषणा वाचता येत नाही. येत्या मे महिन्याच्या फेरीसाठी सदरे अद्याप सांगावयाचे असतील. ते मांजरपाटाचे, पूर्ण बाह्यांचे आणि सैल सांगावेत, आणि त्यांचे बिल फेरीत येणाऱ्या तरुणाकडून वसूल करू नये.